शेळ्यांचे जंत: पावसाळा लागला की हमखास विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले की फोन सुरू होतात. शेळी खाते पण अंगाला लागत नाही, केस राठ झालेत, घशाखाली गाठ आलीये, कुठला डोस देऊ. प्रश्न तेच तेच असतात म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, शेळ्या पाळणारा माणूस आहे, त्यामुळे औषधाची शेवटची मात्रा आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाच विचारायची, उंटावरून शेळ्या हाकायची माझी इच्छा नाही.

जंत म्हणजे जंत, त्यात प्रकार कसले? एकच औषध सगळ्यांना चालत नाही का?

नाही चालत, आणि निम्मा पैसा इथेच वाया जातो. मोटामोटी चार गट धरा. गोलकृमी म्हणजे दोऱ्यासारखे, चपटे पर्णकृमी म्हणजे लिव्हर फ्लूक आणि त्याचे पोटातले भाऊबंद, पट्टकृमी म्हणजे फितीसारखे लांब, आणि चौथा कॉक्सीडिया, जो खरं तर जंत नाहीच, एकपेशीय जीव आहे, पण आतड्यात राहतो म्हणून लोक त्याला जंतातच धरतात. गोलकृमीचं औषध फ्लूकला लागू पडेलच असं नाही आणि कॉक्सीडियाला तर जंताचं कुठलंच औषध लागू पडत नाही.

या सगळ्यात शेळी मारणारा नंबर एकचा म्हणजे गोलकृमींतला हिमोंकस. शेळीच्या चौथ्या पोटात राहतो, दोन-तीन सेंटिमीटर लांब, जाडी साध्या दोऱ्याएवढी. मेलेल्या शेळीचं शवविच्छेदन डॉक्टर करत असतील तर शेजारी उभं राहून एकदा बघाच. चौथं पोट उघडलं की आतल्या चिकट पाण्यात लालसर दोरे वळवळताना दिसतात, मादी नीट बघितली तर लाल आणि पांढरा असा पीळ दिसतो, लाल म्हणजे तिच्या पोटातलं रक्त आणि पांढरी तिची अंड्यांची नळी. एकदा ते बघितलं की जंताच्या डोसाला माणूस टाळाटाळ करत नाही.

पण माझ्या शेळीला हगवण नाही, लेंडी एकदम कडक गोल पडते. मग जंत कसे असतील?

हाच सगळ्यात मोठा गैरसमज. हिमोंकस रक्त पितो, हगवण लावत नाही. बऱ्याच शेळ्या शेवटच्या दिवसापर्यंत छान गोल लेंड्या टाकतात आणि मरतात, मग मालक म्हणतो काही झालंच नव्हतं हो, काल तर चरून आली होती.

हिशोब करून बघा. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घेतो. ऐकायला काहीच नाही, पण पोटात १००० जंत असले तर दिवसाला ५० मिली, आठवड्याला ३५० मिली. ३० किलोच्या शेळीत एकूण रक्त दोन लिटरच्या आसपास. म्हणजे आठवड्यात सहावा हिस्सा गेला. शेळी नवीन रक्त तयार करते पण त्याला खुराक लागतो आणि पावसाळ्यात आपल्याकडे नुसतं कोवळं हिरवं गवत असतं ज्यात पाणीच जास्त.

रक्त कमी झालं की पहिली पापणी पांढरी पडते, मग शेळी कळपाच्या मागे राहायला लागते, चढ आला की थांबते, दूध आटतं, आणि जबड्याखाली पाणी उतरतं. ती सूज दिवसभर मान खाली घालून चरली की संध्याकाळी जास्त दिसते आणि सकाळी कमी. लोक तिला गाठ समजून चरका देतात, सुई घालून पाणी काढतात. अजिबात करू नका, ते पाणी रक्तातलं प्रोटीन संपल्यामुळे उतरलेलं असतं, टोचून काय होणार.

पापणी बघायची म्हणजे नक्की कसं?

शेडच्या अंधारात नाही, बाहेर उजेडात आणा. एका अंगठ्याने वरची पापणी डोळ्यावर हलकी दाबा, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढा, आतली ओलसर कातडी बाहेर येते, तिचा रंग बघायचा. सेकंदभरात बघा आणि सोडा, जास्त वेळ उघडी ठेवली की रंग बदलतो. बाहेरच्या कडेचा किंवा बुबुळाजवळचा रंग नाही, आतल्या कातडीचाच.

यासाठी दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला फमाचा नावाचा रंगांचा तक्ता आहे, १ ते ५ नंबर. १ म्हणजे लालभडक, ५ म्हणजे कागदासारखी पांढरी. ४ आणि ५ ला डोस द्यायचाच, १ आणि २ ला नाही, आणि ३ वाली शेळी गाभण असेल, दुभती असेल, बारीक झाली असेल किंवा करडू असेल तर देऊन टाकायचा. तक्ता नसला तरी हरकत नाही, कळपातल्या सगळ्यात तंदुरुस्त शेळीची पापणी आधी बघा आणि तिच्याशी बाकीच्यांची तुलना करा, दोन-तीन वेळा केलं की नजर बसते. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी, उन्हाळ्यात महिन्या-दीड महिन्याने बघितलं तरी चालतं.

एक लक्षात ठेवा, पापणी पांढरी म्हणजे रक्त कमी, एवढंच कळतं. गोचीड, उवा, लिव्हर फ्लूक, उपासमार यानेही रक्त कमी होतं. आणि डोळे आलेले असतील किंवा धूळ गेली असेल तर रक्त कमी असूनही पापणी लाल दिसते, तिथे फसायला होतं.

आमच्याकडे दर तीन महिन्यांनी सगळ्या शेळ्यांना सरसकट डोस देतात. ट्रेनिंगमध्ये असंच सांगितलं होतं. चूक आहे का?

माझं मत विचाराल तर हो, आता चूक आहे. पूर्वी सगळीकडे हेच सांगायचे, त्यामुळे सांगणाऱ्यांना दोष नाही, पण झालं काय ते समजून घ्या.

कुठलंही औषध सगळे जंत मारत नाही, थोडे टणक वाचतात. सगळ्या कळपाला एकाच दिवशी डोस दिला की पुढचे काही आठवडे लेंडीतून फक्त त्या टणक जंतांचीच अंडी पडतात आणि रानात तेच पसरतात. असं वर्षानुवर्षं केलं की एक दिवस बाटली रिकामी केली तरी फरक पडत नाही. अल्बेंडाझोल-फेनबेंडाझोलच्या गटाबद्दल ही तक्रार भारतात जुनी आहे, विशेषतः मोठ्या सरकारी आणि संस्थांच्या फार्मवर, जिथे डोस अगदी वेळापत्रकाप्रमाणे पाळला जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे कळपात जंत सगळ्यांना सारखे वाटलेले नसतात. पाचातल्या एखाद-दोन शेळ्यांच्या पोटात कळपातले बहुतेक जंत असतात, बाकीच्या आपापल्या निभावून नेतात. त्या एक-दोघी शोधून त्यांना डोस द्या, बाकीच्यांना सोडा, म्हणजे रानात साधे, औषधाने मरणारे जंतही शिल्लक राहतात आणि टणकांची संख्या त्यांच्यात मिसळून पातळ होते. जंत मुद्दाम शिल्लक ठेवायचे हे ऐकायला विचित्र वाटतं मला माहितीये, पण औषध दहा वर्षं टिकवायचं असेल तर हाच मार्ग आहे.

आणि ज्या शेळीला दर पावसाळ्यात दोन-तीनदा डोस लागतो तिचं नाव वहीत लिहा. ती विकायची, तिची पाट म्हणजे मादी करडू ठेवायची नाही. हा गुण बऱ्यापैकी आईबापाकडून येतो, बोकड निवडतानाही हेच बघा.

मग वर्षात डोस द्यायचाच नाही का कधी सगळ्यांना?

असं नाही. आपल्या हवामानात दोन-तीन वेळा अशा आहेत जेव्हा खास लक्ष द्यायचं. पहिली पाऊस पडून तीन-चार आठवडे झाल्यावर, म्हणजे जुलैत. त्याचं कारण, गवताबरोबर खाल्लेली जंताची अळी मोठी होऊन अंडी घालायला साधारण तीन आठवडे लागतात. दुसरी ऑगस्ट-सप्टेंबर, हा सगळ्यात वाईट काळ. तिसरी पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि पाणथळ भाग असेल तर तेव्हा फ्लूकचाही विचार करायचा. या प्रत्येक वेळी आधी पापण्या आणि जमलं तर लेंडी तपासणी, मग ठरवायचं.

मे महिन्याच्या शेवटी सगळ्यांना एक डोस देण्याची पद्धत आहे. उन्हाळ्यात रान तापून कोरडं ठणठणीत झालेलं असतं, बाहेर अळ्या फारशा नसतात, म्हणजे तेव्हा सरसकट डोस दिला की टणक जंतांनाच रान मोकळं मिळतं. त्यामुळे माझा सल्ला, तेव्हा दिलात तरी धडधाकट मोठ्या शेळ्या वगळा, बारीक, गाभण आणि पहिलटकरणींनाच द्या. काही डॉक्टर वेगळं सांगतील, त्यांनी तुमचा कळप बघितला असेल तर त्यांचं ऐका.

व्यायच्या आधी आणि नंतरचे काही आठवडे शेळीची ताकद दुसरीकडे जाते आणि तिच्या लेंडीतून अंडी एकदम वाढतात, तीच अंडी पुढे करडांच्या वाट्याला येतात. म्हणून व्यायला आलेल्या शेळीकडे कॅलेंडर न बघता लक्ष ठेवा.

पावसाळ्यातच एवढे का वाढतात? चराई कशी ठेवायची?

एक हिमोंकस मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. अंडी लेंडीतून बाहेर पडतात, ऊब आणि ओल मिळाली की चार ते सात दिवसांत त्यातून शेळीला लागण करणारी अळी तयार होते आणि ती गवतावरच्या पाण्याच्या थरातून वर सरकते. लेंडी उन्हात वाळली तर गोष्ट तिथेच संपते. आपला जुलै-ऑगस्ट म्हणजे तिच्यासाठी तयार केलेलाच मोसम.

अळी फार वर चढत नाही, बहुतेक जमिनीपासून तीन-चार इंचांतच असतात. म्हणून शेळी जेवढी खाली तोंड घालून खुरटलेलं गवत खाईल तेवढे जंत जास्त, आणि जेवढी मान वर करून झाडपाला ओरबाडेल तेवढे कमी. शेळी मुळात झाडपाला खाणारं जनावर आहे, आपणच तिला बांधावरच्या गवतावर मेंढीसारखी चारतो. बाभूळ, बोर, हादगा, शेवरी, सुबाभूळ यांचा पाला लटकवून द्या. बाभळीच्या पाल्यात आणि शेंगांत टॅनिन असतं, त्याचा जंतांना थोडाफार त्रासही होतो. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, केस गळतात.

सकाळी दव असताना सोडू नका, ऊन पडून गवत सुकलं की सोडा. तळ्याकाठचा हिरवागार तुकडा टाळा. जागा असेल तर शेळ्या चरून गेल्यावर तिथे गाई-म्हशी चारा, त्यांच्या पोटात गेलेल्या शेळीच्या अळ्या बहुतेक वाया जातात. मेंढ्यांचा उपयोग नाही, मेंढी आणि शेळी यांचे जंत एकच. धनगरांचा कळप रानात बसवून घेतला असेल तर खत मिळालं हे खरं, पण पुढचे काही आठवडे शेळ्या तिथे नेऊ नका.

डोस किती द्यायचा? दुकानदार म्हणतो १० मिली सगळ्यांना.

दुकानदार शेळीचं वजन न बघता सांगतो, मग डोस बरोबर येणार कसा. दोन गोष्टी बघायच्या, वजन आणि बाटलीवरची टक्केवारी. २.५ टक्के म्हणजे १ मिलीत २५ मिलिग्रॅम औषध, १० टक्के म्हणजे १ मिलीत १०० मिलिग्रॅम. बाटल्या सारख्याच दिसतात, औषध चौपट.

अल्बेंडाझोल घ्या. मेंढीला किलोमागे ७.५ मिलिग्रॅम सांगतात. शेळीचं लिव्हर हे औषध मेंढीपेक्षा भरभर फोडून टाकतं, म्हणून शेळीला जास्त लागतं, साधारण १० मिलिग्रॅम किंवा डॉक्टर सांगतील त्याहून थोडं वर. ३० किलोच्या शेळीला १० प्रमाणे ३०० मिलिग्रॅम, म्हणजे २.५ टक्क्यांचं १२ मिली. मेंढीच्या हिशोबाने दिलं तर ९ मिली. वर्षानुवर्षं शेळ्यांना मेंढीचा डोस देत आलो, म्हणजे दरवेळी जंत अर्धवट मारले आणि टणक केले.

पण म्हणून सगळीच औषधं वाढवून देऊ नका बरं का! लेव्हामिसोल थोडं जास्त झालं तरी लाळ गळते, शेळी थरथरते. क्लोझांटेल जास्त झालं तर कायमचं आंधळेपण येतं, डोळे वरून चांगले दिसतात पण शेळी भिंतीला जाऊन धडकते, आणि त्यावर इलाज नाही. ही दोन औषधं अंदाजपंचे कधीच द्यायची नाहीत.

वजनासाठी लटकता काटा आणि गोणपाटाची झोळी पुरे. नजरेने वजन सांगणारे बहुतेक कमीच सांगतात. कळपात फरक फार असेल तर वजनाप्रमाणे दोन-तीन गट पाडा आणि गटातल्या सगळ्यात जड शेळीच्या वजनाने डोस काढा, अर्थात वर सांगितलेली दोन औषधं सोडून, ती प्रत्येकीला मोजूनच.

पाजताना ठसका लागतो, नाकातून येतं. कसं पाजायचं?

मान आभाळाकडे करू नका. तोंड जमिनीला समांतर किंवा जरासं वर, ओठाच्या कोपऱ्यातून सिरिंज आत घालून जिभेच्या मागच्या भागावर हळूहळू सोडा, गिळू द्या. खोकली तर लगेच सोडा, मान खाली करू द्या. औषध फुफ्फुसात गेलं तर दोन-तीन दिवसांत न्यूमोनिया होऊन शेळी जाते आणि खापर औषधाच्या नावावर फुटतं. काचेच्या बाटलीने पाजणं बंद करा. बाटली आधी हलवा, औषध तळाशी बसलेलं असतं, न हलवता पाजलं की पहिल्या शेळ्यांना पाणी आणि शेवटच्यांना विष.

अल्बेंडाझोल-फेनबेंडाझोल देताना आदल्या संध्याकाळपासून चारा बंद ठेवला, पाणी चालू, तर औषध पोटात जास्त वेळ थांबतं आणि काम चांगलं करतं. गाभण, आजारी आणि लहान करडांना उपाशी ठेवायचं नाही.

गाभण शेळीला डोस चालतो का?

पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल नको, पोटातल्या पिलात व्यंग येऊ शकतं. बोकड कळपातच फिरत असेल तर कोण किती दिवसांची गाभण हे कळतच नाही, मग सगळ्यांनाच ते टाळा. फेनबेंडाझोल गाभण काळात सुरक्षित धरतात. शेवटच्या दिवसात पकडापकडी, ओढाताण कमी करा, डोसापेक्षा धडपडीने गाभडायची भीती जास्त.

करडांना कधीपासून? आणि हगवण लागली की जंताचा डोस देऊ का?

नुसत्या दुधावरच्या करडाला चाऱ्यातले जंत कुठून येणार? पाला-गवत तोंडात घ्यायला लागलं की लागण सुरू, म्हणून दोन-अडीच महिन्यांच्या आसपास पहिला डोस, वजन करून.

हगवणीचं मात्र वेगळं आहे. तीन आठवडे ते चार-पाच महिने या वयात करडं पातळ हागत असतील, शेण काळपट, कधी रक्त किंवा शेंबूड, शेपटी माखलेली, कुंथतात, तर पहिला संशय कॉक्सीडियाचा. तिथे अल्बेंडाझोल पाजणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. त्याला ॲम्प्रोलियम किंवा सल्फाची औषधं लागतात, ती डॉक्टर ठरवतील, आणि तोपर्यंत मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं चालू ठेवा कारण करडू मरतं ते अंगातलं पाणी गेल्यामुळे. दाटीवाटी, ओली जमीन आणि गव्हाणीत लेंड्या पडणं ही खरी कारणं. करडं मोठ्या शेळ्यांपासून वेगळी, जागा कोरडी, पाण्याचं भांडं उंचावर, एवढं केलं तरी निम्मा त्रास कमी होतो.

लेंडीवर तांदळासारखे पांढरे दाणे दिसतात, मी घाबरलोय.

पट्टकृमीचे तुकडे आहेत. दिसतात म्हणून सगळे घाबरतात, आणि खरा मारेकरी हिमोंकस दिसत नाही म्हणून कोणी घाबरत नाही. मोठ्या शेळीला यांचा फारसा त्रास नसतो. करडांच्या आतड्यात फार झाले तर वाढ खुंटते, पोट सुटतं, तेव्हा डॉक्टरांना विचारून प्राझिक्वांटेल असलेलं औषध द्या.

आम्ही कोकणातले, भातखाचरं आजूबाजूला. आमच्याकडे काय वेगळं?

तुमच्याकडे गोगलगाय आहे, हे वेगळं. लिव्हर फ्लूक आणि पोटातले ॲम्फिस्टोम या दोघांचं लहानपण पाण्यातल्या छोट्या गोगलगायीच्या अंगात जातं, तिथून ते बाहेर पडून पाण्याकाठच्या गवताला चिकटतात. भातखाचरं, ओढे, पाझर तलाव, आणि देशावर कालव्याकाठची शेतं, सगळीकडे हीच कथा. पाणी ओसरायला लागतं आणि शेळ्या काठचं उघडं पडलेलं हिरवं गवत खायला उतरतात, तेव्हा लागण जोरात.

फ्लूकमध्ये शेळी हळूहळू वाळते, पापणी पांढरी, जबड्याखाली पाणी. ॲम्फिस्टोमची पिल्लं आतड्यात असताना अतिशय घाण वासाची पातळ हगवण लागते, तो वास एकदा घेतला की विसरत नाही. औषधं वेगळी आहेत. ऑक्सिक्लोझानाइड मोठ्या फ्लूकवर आणि ॲम्फिस्टोमवर चालतं, ट्रायक्लाबेंडाझोल फ्लूकच्या लहान-मोठ्या सगळ्या अवस्थांवर पण ॲम्फिस्टोमवर नाही, आणि आयव्हरमेक्टिन या दोन्हींवर अजिबात नाही. पाऊस संपल्यावर एकदा लेंडी तपासून घ्या. काठाला कुंपण आणि पिण्यासाठी टाकीचं पाणी, हा कायमचा उपाय.

डोस देऊनही फरक नाही. कंपनी बदलू का?

कंपनी नाही, गट बदला. अल्बेंडाझोल बंद करून फेनबेंडाझोल आणलं म्हणजे काहीच बदललं नाही, दोन्ही एकाच गटातले. आयव्हरमेक्टिन-डोरामेक्टिन हा दुसरा गट, लेव्हामिसोल तिसरा, आणि क्लोझांटेल वेगळाच, तो हिमोंकस रक्त पितो म्हणूनच त्याच्यावर चालतो.

पण आधी खात्री करा की औषध खरंच हरलंय. डोस वजनाप्रमाणे होता का, बाटली उन्हात टपरीवर पडलेली होती का, तारीख संपली होती का, शेळीने अर्धं थुंकलं का, आणि आजार जंताचाच होता का. हे सगळं बरोबर असेल तर डोसाच्या दिवशी आठ-दहा शेळ्यांच्या लेंड्या तपासा, १० ते १४ दिवसांनी त्याच शेळ्यांच्या पुन्हा. अंड्यांचा आकडा ९५ टक्क्यांहून कमी घटला असेल तर ते औषध तुमच्या कळपात थकलं समजा. दोन गटांची औषधं एकत्र देतात, पण ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि दोन्हींचा पूर्ण डोस देऊन. अर्धं हे अर्धं ते असं घरी मिसळायचं नाही.

लेंडी कुठे तपासतात? नमुना कसा न्यायचा?

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असेल तर तिथे, नाहीतर जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात, पुण्याजवळ असाल तर औंधच्या रोग अन्वेषण विभागात, किंवा परळ, शिरवळ, नागपूर, उदगीर, परभणी इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत. जमिनीवरची लेंडी उचलू नका, मातीतले दुसरेच किडे निघतात. हातमोजा किंवा स्वच्छ प्लास्टिकची पिशवी बोटाला लावून गुदद्वारातून थेट चार-पाच लेंड्या घ्या, पिशवीतली हवा काढून गाठ मारा, वर शेळीचा नंबर लिहा, थर्मासमध्ये बर्फाजवळ ठेवून त्याच दिवशी पोचवा. ऊबेत राहिलं की अंडी फुटतात आणि मोजणी चुकते. नुसतं जंत आहेत-नाहीत असं उत्तर घेऊ नका, ग्रॅममागे किती अंडी ते विचारा.

बाजारातून नवीन शेळ्या आणल्या, लगेच कळपात सोडू का?

नको. दुसऱ्याचे थकलेल्या औषधाचे जंत तुम्ही पैसे देऊन विकत आणता. दोन-तीन आठवडे वेगळं बांधा, तेवढ्यात पीपीआरसारखा (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) काही आजार असेल तर तेही उघडं पडतं. सरसकट डोस मी जिथे मनापासून सांगतो ती हीच एक जागा, तीही डॉक्टरांना विचारून दोन वेगळ्या गटांच्या औषधांची. दोन आठवड्यांनी लेंडी तपासा, अंडी नसतील तर सोडा. तोवर त्यांच्या लेंड्या उकिरड्यात, रानात नाही.

वावडिंग, पळसाचं बी, कडुनिंब चालतं का? औषधावर पैसे का घालायचे?

वावडिंग आणि पळसपापडी पूर्वापार जंतावर वापरतात आणि त्यात काही गुण आहे यात वाद नाही. अडचण अशी की प्रत्येक झाडाच्या बियांत ताकद वेगळी, मात्रा पक्की नाही, आणि पापणी पांढरी पडलेल्या शेळीकडे वाट बघायला वेळ नसतो. कडुनिंबाचा पाला खायला द्या, नुकसान नाही, पण पाला घातला म्हणून निर्धास्त राहू नका. तंबाखूचं पाणी आणि मोरचूद मात्र बंद, त्याने जंतांच्या आधी शेळी जाते.

आमचं बंदिस्त शेळीपालन आहे, माचाणावर शेळ्या. आम्हाला जंताची भीती नाही ना?

फळ्यांच्या फटीतून लेंड्या खाली पडत असतील आणि गव्हाण उंच असेल तर हिमोंकस जवळपास संपतो. पण चारा कुठून कापून आणता ते बघा, कळप बसवलेल्या किंवा लेंडीखत टाकलेल्या शेतातलं कोवळं गवत बुडापासून कापून ओलंच टाकलं तर अळ्या घरपोच येतात. वरून कापा, सुकवून टाका. कॉक्सीडियाचा त्रास मात्र बंदिस्तमध्येच जास्त असतो.

शेळी गोल गोल फिरते, मान एका बाजूला धरते. हेही जंत का?

असू शकतं. कुत्र्याच्या पोटातल्या एका पट्टकृमीची अंडी शेळीने खाल्ली की तिच्या मेंदूत पाण्याची पिशवी वाढते. मेंदूचे दुसरेही आजार असेच दिसतात, म्हणून डॉक्टर आलेच पाहिजेत. राखणीच्या कुत्र्याला नियमित जंताचा डोस द्या आणि मेलेल्या जनावराची मुंडी कुत्र्यापुढे कधीच टाकू नका.

जंतावर लस नाही का? आणि पीपीआरची लस आधी की जंताचा डोस आधी?

हिमोंकसवर लस आहे, ऑस्ट्रेलियात २०१४ पासून मेंढ्यांसाठी विकतात, आपल्या दवाखान्यात मिळत नाही. दुसऱ्याचं उत्तर, ज्यांना डोसाची गरज आहे त्यांना आधी डोस, मग आठवडा-दोन आठवड्यांनी लस. रक्त नसलेल्या शेळीच्या अंगात लस नीट लागत नाही. पावसाळ्याआधीची आंत्रविषाराची लस चुकवू नका.

शेळी उठतच नाही, पापणी पांढरीफटक. आत्ता काय करू?

१९६२ ला फोन लावा, फिरता दवाखाना मिळतो का बघा, नाहीतर जवळच्या डॉक्टरांना. तोपर्यंत तिला चालवू नका, पळवू नका, पकडायला मागे धावलात तरी ती तिथेच जाईल. सावलीत, उताणी नाही तर छातीवर टेकवून बसवा, तोंडाशी पाला आणि पाणी द्या. डोस त्याच दिवशी द्यायचा असतो, पण कुठला ते डॉक्टर सांगतील. पुढे दोन-तीन आठवडे पेंड, शेवरीचा पाला असं प्रोटीनचं खाणं हवंच. लोहाचं टॉनिक मदतीला चालतं, पण नुसत्या टॉनिकच्या बाटलीने मेलेली शेळी उठत नाही.

दूध आणि मटणाचं काय? ईदचे बोकड आहेत.

लेबलवर दूध किती दिवस आणि मांस किती दिवस वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं. काहींना आठवडा-दोन आठवडे, काही इंजेक्शनच्या औषधांना महिन्याच्याही वर. दुभत्या शेळीला काही औषधं चालतच नाहीत, क्लोझांटेल त्यातलंच. बकरी ईदच्या तारखेपासून मागे दिवस मोजा, शेवटचा डोस कधी आणि कुठला दिला ते वहीत लिहा, आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर ती वहीच पुढे करा.